‘मानुष’ म्हणवणाऱ्यांचे संगीत : जिप्सी जॅझ आणि आपला जलसा

युरोपात एक समाज असा आहे की जो पाण्याला ‘पानी’ म्हणतो, नाकाला ‘नाक’ म्हणतो आणि कानाला ‘कान’ म्हणतो. दोनला तो ‘दुई’, तीनला ‘त्रिन’ आणि दहाला ‘देश’ म्हणतो. काळ्या रंगाला त्याचा शब्द ‘कालो’, तर मिठाला ‘लोन’. आपल्या ‘लोणच्या’त हा शब्द आजही दडून बसलेला आहे. चोराला तो ‘चोर’च म्हणतो. या समाजाला जग अनेक शतके ‘जिप्सी’ म्हणत आले. हे नाव त्यांनी स्वतः घेतलेले नाही. हे लोक इजिप्तमधून आले असावेत अशा गैरसमजुतीतून युरोपीय लोकांनी ते त्यांच्या माथी मारले. ते स्वतःला ‘रोम’ किंवा ‘रोमा’ म्हणवतात. त्यांच्यातील फ्रान्स-बेल्जियमच्या परिसरात फिरणारी एक शाखा स्वतःला ‘मानुष’ म्हणवते. या ‘मानुष’चा अर्थ सांगण्यासाठी मराठी माणसाला शब्दकोशाची गरज नाही. तो शब्द म्हणजे आपला ‘माणूस’, पालीतला ‘मनुस्स’.

या मानुष लोकांनी विसाव्या शतकात जगाला एक संगीत दिले. इंग्रजीतून आलेल्या नावाने आपण त्याला ‘जिप्सी जॅझ’ म्हणतो. फ्रान्समध्ये मात्र त्याला ‘जॅझ मानुष’ असे म्हणतात. ज्यांना गावाच्या वेशीत मुक्काम करू दिला जात नव्हता, त्यांच्या संगीताचे नाव ‘माणसांचे जॅझ’ असावे, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला थांबून विचार करायला लावणारी आहे. प्रस्तुत लेखात या संगीताचा सामाजिक इतिहास थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न केला आहे. तो सांगताना आपल्या नाशिक जिल्ह्याने घडवलेल्या आंबेडकरी जलशाची आठवण वारंवार येते. ती का येते, हेही पुढे स्पष्ट होईल.

डोम आणि रोम

रोमा लोक मूळचे भारतीय उपखंडातले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासातून सिद्ध झाली. १७८० च्या दशकात जर्मन अभ्यासकांनी त्यांच्या भाषेचे भारतीय भाषांशी असलेले नाते दाखवून दिले. पुढे १९२६ मध्ये राल्फ टर्नर या भाषाशास्त्रज्ञाने त्या भाषेचा उत्तर भारतातील प्राकृत भाषांशी असलेला संबंध अधिक काटेकोरपणे मांडला. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हे लोक पश्चिमेकडे निघाले असावेत, असे सामान्यतः मानले जाते. त्यांनी कोणता मार्ग घेतला, हे त्यांच्या शब्दसंग्रहातच नोंदलेले आहे. वाटेत त्यांनी फारसी शब्द उचलले, आर्मेनियन उचलले, आणि ग्रीक भाषेतून तर सात, आठ, नऊ हे आकडेही घेतले. ‘वाट’ या अर्थाचा त्यांचा ‘द्रोम’ हा शब्दही ग्रीकच आहे. ज्यांच्याकडे लेखी बखर नव्हती, त्यांची भाषाच त्यांची बखर ठरली.

‘रोम’ हा शब्द ‘डोम’ या शब्दाचे बदललेले रूप आहे, असे बहुसंख्य भाषातज्ज्ञ मानतात. डोम, डोंब, डोंबारी ही नावे आपल्याला अपरिचित नाहीत. बाराव्या शतकात कल्हणाने लिहिलेल्या ‘राजतरंगिणी’त काश्मीरचा राजा चक्रवर्मा याच्या दरबारी आलेल्या डोंब गायकाची कथा आहे. त्या गायकाच्या मुलीला राजाने राणी केले, याचा कल्हणाला मोठा संताप आलेला दिसतो. गाणे ऐकायला हरकत नव्हती. गाणारीने राणीच्या आसनावर बसायला हरकत होती. त्याच सुमाराच्या बौद्ध सिद्धांच्या चर्यागीतांत मात्र नगराबाहेर झोपडी करून राहणारी डोंबीण आदराने, किंबहुना साधनेची सखी म्हणून येते. एकाच समाजाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. दुसरी दृष्टी बौद्ध परंपरेतून आलेली आहे, हे आपल्या संस्थेच्या वाचकांनी लक्षात ठेवावे असे मला वाटते.

युरोपात पोहोचल्यावर रोमांची स्थिती कशी झाली? आजच्या रोमानियाच्या प्रदेशातील वालाकिया आणि मोल्दाविया या संस्थानांत चौदाव्या शतकापासून ते गुलाम होते. त्यांची मालकी राजाकडे, जमीनदारांकडे आणि ख्रिस्ती मठांकडेही असे. त्यांची खरेदी-विक्री होई. ही गुलामी कायद्याने संपुष्टात आली ती १८५५-५६ मध्ये. म्हणजे जोतीराव फुले पुण्यात शाळा चालवत होते त्या काळात. रोमांचे गटही धंद्यांवरून पडले. तांब्याची भांडी घडवणारे वेगळे, अस्वल खेळवणारे वेगळे, घोड्यांचा व्यापार करणारे वेगळे आणि वाद्ये वाजवणारे वेगळे. आपल्याकडील घिसाडी, दरवेशी, डोंबारी, गोंधळी यांची नावे समोर ठेवून पाहिली तर ही मांडणी नवी वाटत नाही. लग्न असो, मेजवानी असो, रोमा वादकांवाचून ती शोभत नसे. परंतु वाद्य खाली ठेवल्यावर त्याच वादकाने गावाबाहेर जावे, अशी अपेक्षा असे. सनई-हलगीवाल्यांशिवाय ज्यांच्या घरचे लग्न लागत नसे, त्यांनीच त्या वाजंत्र्यांची पंगत वेगळी आणि दूर बसवली, हे आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे. कला हवी, कलावंत नको. हा नियम दोन्हीकडे सारखाच होता.

जळलेला हात

जँगो राइनहार्ट या नावाशिवाय जिप्सी जॅझचा इतिहास सांगता येत नाही. २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जियममधील लिबरशी या गावाजवळ, भटक्या कुटुंबाच्या मुक्कामी त्याचा जन्म झाला. आई नर्तकी, वडील वादक. पुढे हे कुटुंब पॅरिसच्या जुन्या तटबंदीबाहेरील मोकळ्या पट्ट्यात येऊन राहिले. शहराने टाकून दिलेल्या माणसांची ती वस्ती होती. शाळेचे तोंड त्याने जवळजवळ पाहिले नाही. मोठेपणीही त्याला लिहिणे-वाचणे जेमतेमच येई. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याच्या हाती बँजो आला आणि कोवळ्या वयातच तो पॅरिसच्या श्रमिक वस्त्यांतील नृत्यगृहांत अकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसू लागला. तेथे तीन मात्रांच्या वॉल्ट्झ चालत. त्या चालींचा ठसा पुढे त्याच्या संगीतावर कायम राहिला.

१९२८ च्या शरद ऋतूत एके रात्री त्याच्या मुक्कामाच्या गाडीला आग लागली. त्याची पत्नी विक्रीसाठी सेल्युलॉइडची कृत्रिम फुले बनवत असे. तीच फुले पेटली. जँगोचा पाय आणि डावा हात भयंकर भाजला. पाय कापावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. त्याने नकार दिला. दीर्घकाळ तो अंथरुणावर होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडून गेली. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे त्याचे सर्वस्व, कारण तारांवर सूर दाबायचे ते त्याच हाताने. अशा स्थितीत भावाने आणून दिलेल्या गिटारीवर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि उरलेल्या दोन बोटांनी सुरावट वाजवण्याची स्वतःची पद्धत शोधली. आखडलेली बोटे तो साथीचे काही स्वरमेळ धरण्यापुरती वापरी. चार बोटांच्या वादकांना न जमणारी गती या दोन बोटांनी गाठली.

१९३१ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील तुलाँ येथे एका चित्रकाराच्या घरी त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या. हा प्रसंग या इतिहासातील निर्णायक वळण आहे. आर्मस्ट्राँग हा अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतून आलेला ट्रम्पेटवादक. गुलामांच्या वंशजांनी निर्माण केलेले जॅझ हे संगीत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकांच्या बँडबरोबर फ्रान्समध्ये पोहोचले होते. मायदेशी ज्या सैनिकांना गोऱ्यांच्या डब्यात बसता येत नव्हते, त्यांच्या बँडसाठी फ्रान्सच्या चौकांत गर्दी लोटत होती. त्या संगीताची भाषा जँगोला शिकवावी लागली नाही. जगाच्या दोन टोकांना हाकलून दिलेल्या दोन समाजांची ती गाठ होती, आणि ती पडली ती ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर.

१९३४ मध्ये पॅरिसमध्ये ‘हॉट क्लब ऑफ फ्रान्स’चे पंचक उभे राहिले. जँगो मुख्य गिटारवर, स्टेफान ग्रापेली व्हायोलिनवर, जँगोचा भाऊ जोसेफ आणि रॉजर शापू साथीच्या गिटारींवर आणि लुई व्होला मोठ्या बास व्हायोलिनवर. ग्रापेलीचेही बालपण हलाखीत आणि काही काळ अनाथालयात गेलेले होते. या पंचकात ट्रम्पेट नव्हता, सॅक्सोफोन नव्हता आणि ढोलही नव्हता. सगळी वाद्ये तारांची. त्या काळच्या जॅझच्या दृष्टीने ही अजब गोष्ट होती.

हे संगीत चालते कसे?

मग ताल कोण धरतो? साथीची गिटार. उजव्या हाताने तारांवर कोरडा, तुटक प्रहार करायचा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला जोर द्यायचा आणि प्रत्येक प्रहार उमटताच डाव्या हाताची पकड सैल करून तो आवाज तेथेच तोडायचा. या पद्धतीला फ्रेंचमध्ये ‘पोंप’ म्हणतात, म्हणजे पंप. पाण्याच्या हापशासारखी ती एकसारखी चालू राहते. हलगीचा ठेका ऐकत वाढलेल्या कानाला ती पटकन ओळखू येते. सुराचे वाद्यच तालवाद्य होते, ही यातील खुबी. या ठेक्यावर मुख्य गिटार आणि व्हायोलिन आळीपाळीने मूळ चालीचा विस्तार जागच्या जागी करतात. तो विस्तार आधी लिहिलेला नसतो. आपल्याकडे ढोलकीवाला आणि शाहीर एकमेकांकडे पाहत कडव्याला कसे वळण देतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

वाद्याचीही गोष्ट सांगायला हवी. विजेचा ध्वनिवर्धक नसलेल्या काळात गजबजलेल्या नृत्यगृहात गिटार ऐकू जाणे कठीण असे. १९३२ मध्ये पॅरिसच्या सेल्मर कंपनीने मारियो माकाफेर्री या इटालियन कारागिराच्या आराखड्यानुसार पोलादी तारांची, मोठ्या खणखणीत आवाजाची गिटार बाजारात आणली. जँगोने ती उचलली आणि तीच या संगीताची ओळख बनली. ‘मायनर स्विंग’ ही १९३७ मधील आणि ‘न्वाज’, म्हणजे ‘ढग’, ही १९४० मधील त्याची रचना आजही या परंपरेतील प्रत्येक वादक शिकतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. जँगो स्वतः आपल्या संगीताला ‘जिप्सी जॅझ’ म्हणत नव्हता. त्याच्या लेखी ते स्विंग होते, जॅझ होते. १६ मे १९५३ रोजी, अवघ्या ४३ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर, विशेषतः १९६० च्या दशकापासून, फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम आणि हॉलंडमधील मानुष व सिंती कुटुंबांनी त्याच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून, बापाने लेकाला आणि काकाने पुतण्याला शिकवून ती आपल्या समाजाची परंपरा केली. ज्या सामोआ-सुर-सेन या गावी त्याचे अखेरचे दिवस गेले, तेथे त्याच्या स्मरणार्थ महोत्सव भरू लागला. आज ‘प्राचीन जिप्सी परंपरा’ म्हणून जे विकले जाते, ते प्रत्यक्षात शंभर वर्षांचेही नाही. परंपरा ही केवळ वारशाने मिळत नाही. अपमानित समाज ती निवडतो, घडवतो आणि तिच्याभोवती उभा राहतो. आपली भीमगीते हे याचेच उदाहरण नव्हे काय?

टाळ्या आणि तारेचे कुंपण

जँगो कीर्तीच्या शिखरावर असताना त्याच्या समाजाचे काय चालले होते, हे पाहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

फ्रान्सने १९१२ मध्ये भटक्यांसाठी एक कायदा केला. त्यानुसार प्रत्येक भटक्या माणसाला शरीराची मोजमापे, बोटांचे ठसे आणि छायाचित्र असलेली ओळखवही बाळगणे सक्तीचे झाले. गावात शिरताना आणि गाव सोडताना त्या वहीवर शिक्का घ्यावा लागे. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला होता. त्यानेही जन्माला येणाऱ्या मुलाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले, पोलीस चौकीवर हजेरी लावली, पासाशिवाय हालचाल बंद केली आणि पुढे माणसांना वसाहतींच्या कुंपणात कोंडले. सोलापूरच्या वसाहतीचे तारेचे कुंपण हा महाराष्ट्राच्या स्मृतीचा भाग आहे. स्वतंत्र भारतात हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. फ्रान्समधील ओळखवहीचे नाव १९६९ मध्ये बदलले आणि तिचा अखेरचा अवशेष २०१७ मध्ये संपला. लोकशाहीची जन्मभूमी म्हणवणाऱ्या देशाला भटक्यांवरचा हा पहारा उठवायला आपल्यापेक्षा ६५ वर्षे अधिक लागली. अर्थात कायदा गेला तरी संशय जात नाही, हा अनुभव आपल्या पारधी बांधवांना रोज येतो.

दुसऱ्या महायुद्धात या संशयाचे रूपांतर संहारात झाले. नाझींनी ज्यूंबरोबर रोमा आणि सिंती यांनाही वंशशुद्धीच्या नावाखाली संपवायचे ठरवले. किमान अडीच लाख आणि कदाचित पाच लाखांपर्यंत रोमा मारले गेले, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत. ऑशविट्झच्या छळछावणीत त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग होता. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री त्या विभागात उरलेल्या चार हजारांहून अधिक स्त्री-पुरुष आणि मुलांना विषारी वायूच्या कोठड्यांत ढकलण्यात आले. फ्रान्समध्येही सहा हजारांवर भटके छावण्यांत डांबले गेले. त्यातील काहींची सुटका तर देश मुक्त झाल्यानंतरही, १९४६ पर्यंत झाली नाही.

यातील विसंगती पाहा. ‘आर्य’ वंशाच्या नावाने हा संहार चालला होता आणि मारल्या जाणाऱ्यांची भाषा आर्यकुळातली होती. भाषेवरून वंश ठरवणे किती पोकळ आहे, हे यापेक्षा भीषण रीतीने सिद्ध होऊ शकले नसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ मधील ग्रंथात आर्यवंशाचा पाश्चात्त्य सिद्धान्त का फेटाळला, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

आणि जँगो? जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये त्याच्या मैफली भरत होत्या. त्या ऐकायला जर्मन अधिकारीही येत. १९४३ मध्ये त्याने सीमा ओलांडून स्वित्झर्लंडला जाण्याचा प्रयत्न केला, तो पकडला गेला आणि सुटला. त्याला वाचवले ते त्याच्या कीर्तीने. मात्र त्या कीर्तीची सावली त्याच्या जातभाईंपर्यंत पोहोचली नाही. एका कलावंताला मिळालेल्या टाळ्या म्हणजे समाजाला मिळालेला अधिकार नव्हे. या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल, तर ते हे ठेवावे.

त्याच वर्षांतले नाशिक

पॅरिसचे पंचक १९३४ चे. १९३५ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबे या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जॅझ बँड आला. त्याच्यापाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक येथे राहिले. त्यांच्याकडून जॅझ शिकले ते गोव्याहून पोटासाठी मुंबईला आलेले ख्रिस्ती वादक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध झालेले आंतोनियो झेवियर वाझ, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. यांनीच पुढे हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यमेळ बांधले. नगर जिल्ह्यातील पुणतांब्याला जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’सारख्या १९५१ मधील चित्रपटात जॅझचा जो झणझणीत वापर केला, त्यामागे हेच हात होते. पडद्यावर मात्र या वादकांची आणि वाद्यमेळ बांधणाऱ्यांची नावे क्वचितच झळकली. कला हवी, नाव नको, अशी ही मुंबईची आवृत्ती.

आणि त्याच १९३५ च्या ऑक्टोबर महिन्यात, १३ तारखेला, आपल्या जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याआधी २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लढा वर्षानुवर्षे नेटाने चालवला. या लढ्याचा निरोप खेड्यापाड्यांत नेला तो आंबेडकरी जलशाने. वर्तमानपत्र वाचता येणारा माणूस वस्तीत एखादाच असायचा; गाणे मात्र प्रत्येकाला ऐकता येत होते. नाशिक जिल्ह्याच्या जलशाचे अध्वर्यू भीमराव कर्डक यांचे नाव येथे कृतज्ञतेने घेतले पाहिजे. गॅसबत्तीच्या उजेडात, ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि टाळ घेऊन ही मंडळी रात्र जागवत. दिवसा मजुरी, रात्री जलसा, असा त्यांचा क्रम असे.

जलशाचा साचा तमाशाचा होता. गण, गौळण, बतावणी, वग ही सारी अंगे तमाशातली. सत्यशोधक जलशाने तो साचा आधीच बदलायला घेतला होता. आंबेडकरी जलशाने तो आरपार बदलला. देवाच्या स्तवनाच्या जागी माणसाच्या हक्काची भाषा आली. वगात राजा-राणीऐवजी पाणवठा, मेलेले ढोर ओढण्याचे काम, महारकीचे वतन, दारू, अंधश्रद्धा आणि मुलांची शाळा आली. स्त्रीचे नाचणे वगळले गेले. जँगोने कृष्णवर्णीयांची संगीतभाषा घेऊन आपली केली. जलसाकारांनी जी कला आपल्याच लोकांकडून इतरांच्या करमणुकीसाठी करवून घेतली जात होती, तीच परत मागून आपल्या लोकांसाठी वापरली.

या संदर्भात पठ्ठे बापूरावांची हकिकत आंबेडकरी चळवळीत नेहमी सांगितली जाते. तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देणगी देण्याची त्यांनी इच्छा दर्शवली, तेव्हा आमच्या समाजाच्या स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, अशी भूमिका बाबासाहेबांनी घेतली. पैशाची गरज असताना घेतलेली ही भूमिका होती. कलेचे मोल रसिकाच्या टाळीवर ठरवायचे की कलावंताच्या स्वाभिमानावर, या प्रश्नाचे इतके स्पष्ट उत्तर जिप्सी जॅझच्या इतिहासात मला कोठे आढळत नाही. जिप्सी जॅझने जगाला मानुष माणसाचे सौंदर्य दाखवले; जलशाने आपल्या माणसाला त्याचा हक्क सांगितला. पहिल्याने ऐकणाऱ्याला बदलण्याची वाट पाहिली. दुसऱ्याने गाणाऱ्यालाच आधी बदलले.

मात्र इतिहास लिहिताना आपल्या उणिवाही लिहिल्या पाहिजेत. स्त्रीची विटंबना थांबवताना जलशाने स्त्रीला रंगमंचावरूनच दूर ठेवले. तिची भूमिकाही बहुधा पुरुषच करीत. पवळेसारख्या गुणी कलावंत स्त्रीच्या आवाजाला सन्मानाने उभे राहण्याची जागा त्या पिढीत मिळाली नाही. जिप्सी जॅझच्या व्यासपीठावरही आजवर पुरुषच अधिक दिसले. पुढे भीमगीतांच्या मंचावर स्त्रिया आल्या, आत्मविश्वासाने गायल्या, ही आपली पुढची पायरी आहे.

अक्षर आणि आठवण

सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक तरुणपणापर्यंत निरक्षर होते. मुंबईत मजुरी करता करता ते अक्षर शिकले आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात गावोगाव फिरले. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले. प्रचलित चित्रपटगीतांच्या चालीही भीमगीतांनी मोकळेपणाने घेतल्या. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या गुलामांच्या नातवंडांचा सूर ताज हॉटेलमार्गे, गोव्याच्या वादकांच्या हातून चित्रपटात आणि तेथून १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्या वस्तीपर्यंत येऊन पोहोचला असेल, तर त्यात नवल नाही. उपेक्षितांचे संगीत असेच एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाते. त्याला पासपोर्ट लागत नाही.

जँगो आणि वामनदादा यांच्यात एक फरक मात्र मोठा आहे. जँगोला अक्षर आले नाही, परंतु ध्वनिमुद्रिकेने त्याचे संगीत राखले. शेकडो तबकड्यांवर ते आजही ऐकता येते. आपल्या जलशांच्या वाट्याला ध्वनिमुद्रणाचे हे भाग्य फारसे आले नाही. भीमराव कर्डकांनी ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून तो इतिहास काही प्रमाणात हाती लागला. बाकीचे बरेचसे वह्यांत राहिले, आणि त्या वह्या पत्र्याच्या पेट्यांत, माळ्यावर, वाळवी खात पडून आहेत.

८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ जगभरच्या रोमा प्रतिनिधींची पहिली परिषद भरली. वर निळा आणि खाली हिरवा पट्टा, मध्ये तांबडे चक्र, असा ध्वज त्यांनी आपला मानला. त्या चक्राला सोळा आरे आहेत आणि ते आपल्या राष्ट्रध्वजावरील चक्राशी, म्हणजे भारतीय मुळाशी नाते सांगते. हजार वर्षे भटकलेल्या माणसांनी आपली खूण म्हणून चक्र निवडले. सम्राट अशोकाच्या स्तंभावरून ते आपल्या ध्वजावर आणणारा देश त्या माणसांचे पूर्वज ज्या वेशीबाहेर राहत होते, त्या वेशी पुसू शकला आहे काय, हा प्रश्न त्या ध्वजाकडे पाहताना मनात येतोच.

आपल्या शाळेच्या वसतिगृहात आज ज्या मुली-मुलांची नावे पटावर आहेत, त्यांत अनेकांच्या घरी कोणी आजोबा जलशात गात होते, कोणी आजी जात्यावर भीमाच्या ओव्या म्हणत होती. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना माझी नम्र विनंती आहे की त्या वह्या शोधा, त्या ओव्या म्हणवून घ्या. हाती असलेल्या फोनवर आवाज नोंदवा. गाणाऱ्याचे नाव, गाव, तालुका आणि गाणे कोणत्या सालच्या सुमाराचे, एवढे चार तपशील कागदावर लिहा आणि त्याची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात आणून द्या. मूळ वही घरीच ठेवा. ती तुमची आहे. इतिहासाच्या तासाला त्या नोंदी मुलांपुढे ठेवण्याचे काम आम्ही शिक्षक करू. मानुष लोकांच्या घरात बापाने लेकाला गिटार शिकवून जे राखले, ते आपण अक्षर शिकलेल्यांनी लिहून राखावे, इतकीच अपेक्षा.